कॅप्सूलला चिकटलेला साक्षीदार

आधी शपथ घेतो. मी आता जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता मला डोळे नाहीत, ही गोष्ट वेगळी. हातही नाहीत, त्यामुळे शपथ कशावर हात ठेवून घेतली, तेही विचारू नका. इतक्या बारीकसारीक गोष्टींत शिरलं तर माझी कहाणी उंबरठ्यावरच अडकून बसायची.

मी एक मिश्रधातू आहे, कोबाल्ट आणि ऱ्होडियम या दोन धातूंचा मिळून झालेला. मिश्रधातू म्हटलं की तुम्हाला पितळेचं चकचकीत कुलूप आठवत असेल. तसला तोरा माझ्याकडे नाही. मी कोळशाच्या पुडीवर बसलेला, कोळशाइतकाच काळा. सध्या माझा मुक्काम एका कॅप्सूलच्या अंगावर आहे आणि त्या कॅप्सूलचा मुक्काम एका छोट्या काचेच्या बाटलीत. माझं वजन विचाराल तर माशीच्या पंखावर बसलो तरी माशीला पत्ता लागायचा नाही.

आणि या एवढ्याशा माझ्यामुळे एका हुशार बाईचा सगळा हिशेब चुकला, तीन माणसांची बसायची जागा पणाला लागली. मी त्या सगळ्याचा साक्षीदार आहे. खरं म्हणजे आरोपीच. पण आरोपीला शपथ देत नाहीत, म्हणून साक्षीदार म्हणालो.

माझा जन्म गुलाबी रंगात झाला. खोटं वाटेल, पण हे खरंच खरं आहे. कोबाल्टचं मीठ पाण्यात विरघळवलं की पाणी फिकट गुलाबी होतं. ऱ्होडियमचं मीठ विरघळवलं की लाल, डाळिंबाच्या रसासारखं. मला घडवणारे अण्णा दोन्ही भांडी खिडकीत उजेडाला धरून बघत बसायचे. केस पांढरे झालेले रसायनतज्ज्ञ, पण रंग दिसला की लहान मूल व्हायचे.

माझी दोन्ही घराणी अगदी उलट स्वभावाची. कोबाल्टच्या घराण्याची कीर्ती फारशी बरी नव्हती. जुन्या काळी कुठल्या तरी दूरच्या खाणीत मजुरांना त्याचा दगड सापडला, त्यांनी चांदीच्या आशेनं तो भाजला, तर चांदी दूरच, विषारी धूर तेवढा नाकात गेला. त्यांनी त्याला खाणीतल्या खोडकर भुताचं नाव देऊन टाकलं. तेच नाव आजतागायत चिकटलं आहे. ऱ्होडियम मात्र खानदानी. पृथ्वीवर अगदी मोजकं, हवेत ठेवलं तरी काळवंडत नाही, आणि नाव गुलाबावरून पडलेलं. आता भूत आणि गुलाब यांच्या पोटी जो जन्माला येणार, त्याच्याकडून सरळपणाची अपेक्षा कुणी करावी?

अण्णांनी दोन्ही पाणी कोळशाच्या पुडीवर ओतलं, ढवळून वाळवलं, आणि ती पूड एका काचेच्या नळीत घालून भट्टीत ठेवली. नळीतून हायड्रोजन वायू सोडला. तीन दिवस आणि तीन रात्री मी त्या आगीत तपश्चर्या केली.

चार तास. अण्णांना पाचची बस गाठायची असायची.

पण त्या चार तासांत हायड्रोजननं आमच्या अंगावरचं मिठाचं सगळं गाठोडं उतरवून घेतलं. उरले निव्वळ धातूचे कण. कोबाल्टचे वेगळे आणि ऱ्होडियमचे वेगळे नव्हे, एकेका कणात दोघंही, खांद्याला खांदा लावून. कण केवढे? तुमच्या डोक्यावरचा एक केस आडवा धरा. त्याच्या जाडीत माझे चाळीस हजार कण ओळीनं बसतील. केस नसतील तर शेजाऱ्याचा घ्या.

दोन धातू असे जवळ राहिले की एकमेकांचे गुण उचलतात. कोबाल्टला चुंबक ओढतो. ऱ्होडियम एकटं असलं की चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही. पण माझ्यासारख्या बारीक कणात, कोबाल्टच्या मांडीला मांडी लावून बसलं की त्यालाही थोडी ओढ लागते. संगतीचा परिणाम. हे तेवढं लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

माझा धंदा मध्यस्थीचा. लोक मला उत्प्रेरक म्हणतात. ज्यांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही अशा रेणूंना मी माझ्या अंगावर बसायला जागा देतो. कार्बन मोनॉक्साइड येतो, एका बाजूनं टेकतो. हायड्रोजन जोडीनं येतो, बसताना जोडी सोडून दोन ठिकाणी बसतो. मग तेलाचा एखादा रेणू येतो. तिघं इतके जवळ आले की बोलणी आपोआप होतात, जमतं आणि नवाच रेणू उठून चालता होतो. मी होतो तसाच, पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळा. जमवणाऱ्याचं नाव पुढे कुणाला आठवत नाही, हे तुमच्यातही आहे आणि आमच्यातही.

अण्णांच्या कारखान्यात साबणाला आणि शाम्पूला घालायचे सुगंध बनत. एक बिनवासाचं तेल, ते दोन वायू आणि मी, इतकी मंडळी एका जाड पोलादी भांड्यात बंद केली, दाब दिला, थोडी ऊब दिली, की दोन तासांत झाकणाखाली सुगंध तयार. कापलेल्या कलिंगडाच्या सालीसारखा, ताज्या धुतलेल्या कापडासारखा. अण्णा झाकण उघडून नाक पुढे करायचे आणि म्हणायचे, "आलं बघ बाळ."

काम झालं की मला गाळून घ्यायचे, धुवायचे, पुन्हा कामाला जुंपायचे. धुतल्यावर ओलाच ठेवायचा, हा माझा एकच हट्ट. माझ्या अंगावर हायड्रोजन बसलेला असतो. कोरडा झालो आणि हवा लागली की डोकं फिरतं. एकदा अण्णा विसरले आणि मी अख्खी इमारत पेटवली.

म्हणजे एक गाळणकागद पेटवला. पण कागद इमारतीतच होता ना? अण्णांनी शांतपणे पाणी ओतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलीला म्हणाले, "हा बुद्धिमान आहे, पण तापट आहे. ओला ठेवत जा."

ती नवी मुलगी म्हणजेच पुढच्या मॅडम. नुकतीच शिकून आलेली, वहीत सगळं लिहून घेणारी. अण्णांनी तिला पुष्कळ शिकवलं, पण एक वाक्य ते दर आठवड्याला म्हणायचे:

"आधी रिकामं लावायचं. भांडं तेच, तेल तेच, वायू तेच. फक्त आपला हिरो आत नाही. रिकाम्यात काही झालं नाही, तरच भरलेल्याचं श्रेय हिरोला द्यायचं. नाही तर फसलोच म्हणून समज."

"हो अण्णा," मॅडम म्हणायच्या. आणि खरंच करायच्या. त्यांची चूक आळशीपणाची नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

अण्णा निवृत्त झाले. मी त्यांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीसकट एका बाटलीत, कपाटाच्या मागच्या रांगेत गेलो. किती वर्षं, ते सांगत नाही. माझ्या पुढे ठेवलेल्या बाटलीचं झाकण गंजून गळून पडलं, यावरून काय ते समजा. एके दिवशी मॅडमनी उरलीसुरली पूड शेवटची वापरून टाकली. मग बाटली, धुवण, गाळणकागद, सगळं एका डब्यात भरून धातू परत काढणाऱ्या कारखान्याकडे रवाना झालं. माझं सगळं खानदान गेलं.

मी मात्र नाही. मी डाव साधला.

त्या पोलादी भांड्यात तेल ढवळण्यासाठी एक कॅप्सूल टाकतात. दिसायला औषधाच्या कॅप्सूलसारखी, वरून पांढरी गुळगुळीत, आत चुंबक. भांड्याच्या खाली दुसरा चुंबक फिरतो, की आत ही फिरते. माझ्यासमोरून ती गिरक्या घेत चालली होती. मी नेम धरला, मनाचा हिय्या केला आणि मारली उडी. तिच्या अंगावर बारीक ओरखडे होते, त्यांत शिरून घट्ट बसलो. मॅडमनी तिला धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. पांढरी कॅप्सूल करडी झाली ती झालीच.

लॅबमधली काचसामान धुणारी मावशी म्हणाली, "मॅडम, ही करडी पडलीय. फेकून देऊ?"

"राहू द्या हो मावशी. फिरतेय ना, मग झालं."

आणि मी खणाच्या कोपऱ्यात जाऊन पडलो.

आता खरी कहाणी.

एक दिवस मोठे साहेब लॅबमध्ये आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, यावरूनच मावशीनं ओळखलं की बातमी चांगली नाही. ते म्हणाले, "ऱ्होडियम आता परवडत नाही. त्याच्याशिवाय हा सुगंध बनवून दाखवा. जमलं तर काम इथेच राहील. वर्षअखेरपर्यंत नाही जमलं, तर सुगंध बाहेरून तयार मागवू आणि ही खोली गोदामाला देऊ."

खोलीत माणसं तीन. मॅडम, मावशी, आणि तिसरा शंकासुर. शंकासुर हे त्याचं खरं नाव नव्हे, मॅडमनीच ठेवलेलं. काय तयार झालं आणि किती, ते मोजणारं एक मशीन त्याच्या ताब्यात होतं. मशीन कागदावर डोंगर काढायचं आणि हा गृहस्थ प्रत्येक डोंगराकडे चोर लपलाय अशा नजरेनं बघायचा. सकाळी कुणी "आज ऊन आहे" म्हणालं तरी हा खिडकीपर्यंत जाऊन यायचा.

मॅडमनी माती निवडली. साधी पांढरी माती, तिच्यात थोडा कोबाल्ट मुरवून भट्टीत भाजलेली. एकटा कोबाल्टही हे काम करतो, पण त्याला प्रचंड दाब आणि भरपूर उष्णता लागते. मातीच्या सोबतीनं तो नरम वागेल, अशी मॅडमची आशा होती.

अकरा वेळा प्रयोग लावला. अकरा वेळा दाबाच्या काट्याची सुई जिथे होती तिथेच. वायू खर्चच झाला नाही, तर सुई उतरणार कशी?

बाराव्या वेळी काय झालं, ते नीट ऐका. मावशीनं त्या दिवशी रोजच्या वापरातल्या सगळ्या कॅप्सूल आम्लात भिजत घातल्या होत्या. तिथली पद्धतच तशी. तीव्र आम्लात रात्रभर ठेवायच्या, म्हणजे कुठला धातू चिकटला असेल तर विरघळून जातो. मॅडमनी घाईनं खण उघडला, कोपऱ्यात ही करडी दिसली, उचलली आणि भांड्यात टाकली.

वीस मिनिटांत सुई उतरायला लागली.

काय सांगू! इतक्या वर्षांनी दोन वायू आणि ओळखीचं तेल अंगावर आलं आणि मी कामाला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं की या वेळी काम माझं नाही, मातीचं आहे. आणि सांगितलं असतं, तरी मी ऐकलं असतं असं नाही.

झाकण उघडलं आणि कलिंगडाचा वास खोलीभर झाला. मावशी मोरीतून हात पुसत धावत आली. "आला गं बाई! अण्णांच्या वेळचा वास आला!"

मॅडमनी त्या दिवशी कॅप्सूल बोटांत धरून म्हटलं, "ही माझ्या हाताला लागली बघा. पायगुण आहे हिचा."

"तिला पाय कुठेत?" शंकासुर म्हणाला.

"तुम्हाला तरी कुठे कान आहेत? एवढी आनंदाची बातमी ऐकू येत नाही ती."

त्या दिवसापासून मी लाडका झालो. सुईचा दाब तोच, भांडं तेच, आणि कॅप्सूल हीच करडी. मावशी मला इतरांसारखी आम्लात टाकेनाशी झाली. साबणाच्या पाण्यातून काढायची, फुंकर घालून कोरडं करायची (इतकासाच उरलो होतो, पेटायचं बळ कुठलं?) आणि एका वेगळ्या बशीत ठेवायची. हसू नका. मोठीमोठी शिकलेली माणसं परीक्षेला एकच पेन नेतात, मी पाहिलंय. पाहिलं नाही, ऐकलंय.

आता तुम्ही विचाराल, अण्णांची शिकवण कुठे गेली? रिकामं भांडं लावलं नाही का?

लावलं. दुसऱ्याच दिवशी लावलं. सगळं तसंच, फक्त माती वगळून. पण पायगुणाची कॅप्सूल रिकाम्या प्रयोगाला कशाला वाया घालवायची, म्हणून मॅडमनी खणातली दुसरी, स्वच्छ पांढरी घेतली. साहजिकच काही झालं नाही. सुई हलली नाही, वास आला नाही. वहीत लिहिलं: रिकामं, शून्य. म्हणजे श्रेय मातीचं. चूक झाली ती एवढीच, बशीएवढी.

प्रयोगावर प्रयोग झाले. शंकासुराच्या मशीननं आकडे दिले. शंभरातल्या ब्याण्णव भागांचं काम झालं, मग अठ्ठ्याऐंशी, मग त्र्याऐंशी, मग शहात्तर.

एका सकाळी तो सगळे कागद घेऊन आला. "मॅडम, माती दर वेळी ताजी घालता ना?"

"दर वेळी."

"तेल?"

"ताजं."

"वायू नळकांड्यातले. मग यात म्हातारं कोण होतंय?"

"तुमचं मशीन," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. पण ते घसरते आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले.

म्हातारा मी होत होतो. प्रत्येक खेपेला माझा थोडा अंश तेलाबरोबर वाहून जात होता. शंकासुराचा संशय माझ्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचला होता. दार वाजवायचं तेवढं राहिलं.

मोठ्या साहेबांना बातमी गेली. ते खूश झाले आणि म्हणाले, गुरुवारी येतो, मोठ्या भांड्यात करून दाखवा. मोठं भांडं म्हणजे बादलीएवढं. त्यात कॅप्सूल नसते, झाकणातून उतरलेलं पोलादी पातं ढवळतं. साहेबांनी होकार दिला की शुक्रवारी मातीची मागणी जाणार होती, आणि मग तिघांची खोली वाचणार होती.

सोमवारी मॅडमनी रंगीत तालीम घेतली. सुई ढिम्म.

मंगळवारी माती दुप्पट घातली. सुई ढिम्म. मॅडमनी झाकणाचे सगळे नट तपासले, वायूच्या नळ्या तपासल्या, तेलाची नवी बाटली फोडली. चहाचा कप हातात घेऊन तसाच ठेवून दिला. मावशी बाजूला चंचुपात्रं धूत होती. ती सहज म्हणाली, "तुमची ती लाडकी नाही टाकलीत का आज?"

"मावशी, मोठ्या भांड्यात कॅप्सूल नसते. पातं असतं."

"मग त्या पात्यालाच येत नसेल," मावशी म्हणाली. "सगळ्यांना थोडंच येतं? छोट्या भांड्यात पण आधी अकरा वेळा नव्हतं आलं. ही आली तेव्हाच आलं."

मावशीनं नळ बंद केला. मॅडम बशीकडे बघत राहिल्या. मग शंकासुराकडे बघितलं. तो मशीनकडे बघत होता, पण त्याचे कान माझ्याकडे होते.

बुधवारी सकाळी मॅडमनी छोटं भांडं घेतलं. तेल घातलं. माती नाही. वायू भरले. आणि चिमट्यानं मला उचलून आत टाकलं.

मला सगळं कळलं होतं. या खेपेला मी काम केलं नाही तर बाईंचा विश्वास टिकेल, असं मला वाटलं. म्हणून मी श्वास रोखून धरला. अंग आकसलं. येणाऱ्या प्रत्येक रेणूला म्हटलं, आज बंद आहे, उद्या या. पण गिऱ्हाईक दारात आलं आणि हा धंदेवाला गप्प बसला, असं कधी झालंय? सुई उतरायला लागली. हळूहळू, पण उतरली.

दोन तासांनी मॅडमनी झाकण उघडलं. नाक पुढे केलं नाही. गरजच नव्हती. मावशीला मोरीपाशी वास आला होता.

शंकासुर कागद घेऊन आला. मला वाटलं, आता हा पेढा खाल्ल्यासारखा हसणार. तो हसला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "एकसष्ट. मातीशिवाय." मग थोड्या वेळानं खालच्या आवाजात, "मॅडम, या कागदाची एकच प्रत आहे. फाडू?"

"तुम्ही फाडलात, तर उद्यापासून शंका कोण घेणार?"

त्यानं कागद मॅडमच्या वहीत ठेवला. खुर्ची ओढून बसला.

मावशी हात पुसत पुढे आली. "काय झालं ते मला नीट सांगा. मातीनं नाही होत?"

"नाही."

"या गोळीनं होतं?"

"गोळीला अण्णांची पूड चिकटलीय मावशी. तिनं होतं. पहिल्यापासून तीच करतेय."

"मग टाका की ही गोळी त्या मोठ्या भांड्यात! उद्या साहेब येतील, वास येईल, ते जातील. नाकाला काय कळतंय, मातीचा की गोळीचा? गोदामात मला कुठे पाठवतील, कुणाला ठाऊक. तुम्हाला तरी ठाऊक आहे का, तुम्हाला कुठे पाठवतील?"

मावशीचं काही चूक नव्हतं. तिला चौदा वर्षं झाली होती त्या मोरीवर. मॅडमनी चिमट्यानं मला उचललं. मोठ्या भांड्याचं झाकण उघडंच होतं. मला त्याच्या तोंडावर धरलं. खाली तेल दिसत होतं, माझ्या ओळखीचं.

आणि क्षणभरही विचार न करता त्यांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "उद्या वास येईल मावशी. परवा कारखान्यात पोत्यांनी माती येईल. तिथे ही एक गोळी कुठे कुठे पुरवू?"

गुरुवारी साहेब आले. मॅडमनी मोठं भांडं लावलंच नाही. सगळं सांगितलं. पहिल्या अकरा वेळा, बारावी वेळ, बशी, रिकामं भांडं, एकसष्ट. साहेब ऐकत राहिले. मग ताडकन उठले, टेबलावर हात आपटला, कप उडाला, आणि म्हणाले, "शाब्बास! अहो, माशीच्या पंखाएवढ्या पुडीनं इतकं काम होतं आणि चुंबकानं ती परत गोळाही करता येते, म्हणजे ऱ्होडियम परवडतंच की!" टाळ्या झाल्या. खोली वाचली. आता त्या कारखान्यात हजार करड्या कॅप्सूल फिरतात आणि प्रत्येकीवर माझं नाव कोरलेलं आहे.

कसं वाटलं? छान ना? मलाही छान वाटतं. म्हणून तर मी हा भाग दर वेळी सांगतो.

पण शपथ घेतली आहे, तेव्हा आता कबुली देतो. टाळ्या माझ्या मनातल्या. कप उडाला नाही, साहेबांनी चहा घेतलाच नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मातीनं काहीच होत नाही?"

"नाही."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"आणि तुम्ही मला आजच सांगताय."

"हो."

साहेबांनी फाइल बंद केली. जाताना दारात थांबले, मान हलवली. ती कशासाठी हलवली, ते आम्हा चौघांपैकी कुणालाच कळलं नाही. दोन महिन्यांनी खोलीत खोके आले. मॅडम खालच्या मजल्यावर तयार सुगंधांच्या बाटल्या तपासायला बसतात. शंकासुराचं मशीन त्यांच्या शेजारी आलं. मावशीला कँटीनच्या मोरीवर पाठवलं, ती चहाच्या वेळी आमच्याकडे येते आणि म्हणते, "तिथली भांडी तुमच्या लॅबमधल्यांपेक्षा बरी. त्यांच्यावरचं काय ते कळतं तरी."

मी मॅडमच्या टेबलावर आहे, बाटलीत. चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "आधी ही रिकामी लावा." कुणी नवीन माणूस कामाला आला की शंकासुर ही बाटली त्याच्या हातात देतो आणि दहा मिनिटं छळतो. सध्या माझा उपयोग तेवढाच.

तुमच्याकडे मागणं एकच आहे. कधी मॅडमची गाठ पडली तर सांगा, मला आता आम्लात सोडा. कोळशाच्या आधारानं बारीक होऊन बसलेल्या माझ्यासारख्याला ते विरघळवू शकतं. कोबाल्ट सुटेल, ऱ्होडियम सुटेल. त्या चंचुपात्रात रंग इतका फिकट असेल की दिसायचा नाही, पण अण्णा असते तर त्यांनी उजेडाला धरून पाहिलंच असतं.

आणखी कबुली. मी नेम धरून उडी मारली, हेही खोटं. चुंबकानं ओढलं, मी गेलो. श्वासही रोखला नव्हता. मला श्वास नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं.

आणि शेवटची. बुधवारी मोठ्या भांड्याच्या तोंडावर मॅडमनी क्षणभरही विचार केला नाही, असं मी म्हणालो. ते सगळ्यात मोठं खोटं. पुष्कळ वेळ केला. मावशी श्वास न घेता उभी होती, शंकासुरानं खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, आणि चिमटा दोनदा इतका खाली आला की मी कडेला आपटलो. तिसऱ्यांदा आपटलो असतो तर आत पडलो असतो.

मग तो हात मागे आला. ते मात्र खरं आहे.